स्काउटमधली रँक, वुड बॅज आणि परंपरा: नियम कुठे संपतो आणि आपली हौस कुठे सुरू होते

अमेरिकेत मूल पाचवी संपवून सहावीत जायच्या सुमाराला बऱ्याच मराठी घरांत स्काउटचा विषय निघतोच. शाळेतला कुणीतरी मित्र जात असतो म्हणून आपलंही जायला लागतं, सुरुवातीला आपण फक्त सोडायला आणि आणायला जातो, मग कुणीतरी विचारतं कमिटीत येता का, आपण हो म्हणतो, आणि पुढच्या मीटिंगला ब्लू कार्ड, बोर्ड ऑफ रिव्ह्यू, एसपीएल, आयओएलएस, टिकेट, बीड्स असे शब्द डोक्यावरून जात राहतात. अशा नव्याने ओढल्या गेलेल्या आईबाबांसाठी हे लिहितेय. मी आमच्या ट्रूपमधे, म्हणजे स्काउट पथकात, ॲडव्हान्समेंटचं काम बघते, म्हणजे कुठल्या मुलाचं काय पूर्ण झालं, कशावर कुणाची सही आहे, याची नोंद ठेवायची. त्यामुळे हे वाद रोज कानावर असतात.

वाद बहुतेक वेळा एकाच गोष्टीवरून होतात. पुस्तकात लिहिलेली रिक्वायरमेंट म्हणजे रँकसाठी पूर्ण करायची अट, ट्रूपमधे वर्षानुवर्षं चालत आलेली परंपरा आणि एखाद्या मोठ्या माणसाची स्वतःची अपेक्षा, या तिन्ही गोष्टी आपण एकाच भांड्यात ढवळतो. मग कुणी म्हणतं आमच्या वेळी असंच होतं, कुणी म्हणतं एवढं सोपं कसं चालेल, आणि अकरा वर्षांचं पोरगं मधे उभं राहून बघत राहतं. या तीन गोष्टी वेगळ्या करता आल्या की स्काउटिंग अर्धं समजलं असं माझं ठाम मत आहे.

आधी थोडी ओळख. मी बोलतेय ते स्काउटिंग अमेरिकाबद्दल, म्हणजे पूर्वीची बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका. स्थापना ८ फेब्रुवारी १९१०, नाव बदललं ८ फेब्रुवारी २०२५ ला. २०१९ च्या फेब्रुवारीपासून मुलींनाही अकरा वर्षांपुढच्या कार्यक्रमात येता येतं. लहान मुलांचं कब स्काउट वेगळं, ते आईबाबांच्या बोटाला धरून चालतं, त्याबद्दल आज नाही. महाराष्ट्रात शाळेत स्काउट गाइड केलेल्यांना प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार ही चढण आठवत असेल, आणि खरी कमाईचे स्टॉलही. भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था ७ नोव्हेंबर १९५० ला आधीच्या संघटना एकत्र येऊन झाली. मुळं दोन्हीकडची तीच, १९०७ च्या ऑगस्टमधे इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर स्काउटचा संस्थापक बेडन पॉवेल याने जो कॅम्प घेतला तिथली. पण एक मोठा फरक आहे. आपल्याकडे स्काउट मास्तर बहुतेक शाळेतले शिक्षकच असतात, इथे मात्र नोकरी करून संध्याकाळी आणि वीकेंडला येणारे आईबाबा असतात, म्हणून मग प्रत्येकाची शिकवायची पद्धत वेगळी आणि प्रत्येकाचं मत वेगळं.

रँकची शिडी

रँक एकूण सात. स्काउट, टेंडरफूट, सेकंड क्लास, फर्स्ट क्लास, मग स्टार, लाइफ आणि शेवटी ईगल. पहिल्या चार रँकमधे मूल कौशल्यं शिकतं: गाठी, चाकू आणि कुऱ्हाड सांभाळून वापरणं, प्रथमोपचार, नकाशा आणि होकायंत्र, स्वयंपाक, पोहणं, तंबू. या चारही रँकचं काम एकदम चालू ठेवता येतं, फक्त रँक मिळते ती क्रमाने. स्टारपासून पुढे सगळं बदलतं. तिथे मेरिट बॅज, म्हणजे एकेका विषयाचं काम पूर्ण केल्यावर मिळणारे बिल्ले, लागतात, सेवेचे तास लागतात आणि जबाबदारीचं पद ठरावीक महिने सांभाळावं लागतं.

स्टारसाठी फर्स्ट क्लास झाल्यावर चार महिने सक्रिय राहायचं, सहा मेरिट बॅज, त्यातले चार ईगलसाठी सक्तीच्या यादीतले, सहा तास सेवा, चार महिने पद. लाइफला सहा महिने आणि आणखी पाच बॅज, म्हणजे एकूण अकरा. ईगलला एकूण एकवीस बॅज, परत सहा महिने पद, एक मोठा सेवा प्रकल्प, आणि शेवटचा बोर्ड ऑफ रिव्ह्यू, म्हणजे मोठ्यांनी मुलाशी बसून बोलणं, तो सोडून हे सगळं अठरावा वाढदिवस यायच्या आधी. बॅज एकूण १३५ च्या वर आहेत, पण फर्स्ट एड, कॅम्पिंग, पर्सनल मॅनेजमेंट असे काही ईगलसाठी चुकत नाहीत.

आता खरी मेख. रिक्वायरमेंट जशी लिहिलीय तशीच पूर्ण करायची, ना जास्त ना कमी. संघटनेचं गाइड टू ॲडव्हान्समेंट नावाचं धोरणाचं पुस्तक आहे, त्यात स्वच्छ लिहिलंय की ट्रूप, त्याची कमिटी, त्याच्या वरच्या डिस्ट्रिक्ट आणि कौन्सिल या पातळ्या किंवा कुठलीही व्यक्ती, कुणालाच रिक्वायरमेंट वाढवायचा किंवा कमी करायचा अधिकार नाही. अपंगत्व किंवा विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी वेगळी सोय आहे, तिची रीतसर पद्धत आहे.

उदाहरण घ्या टेंडरफूटचं. पुशअप्स, सिटअप्स, अंग पुढे वाकवणं आणि एक मैल चालणं किंवा पळणं, यांची आधी नोंद करायची, ३० दिवस सराव करायचा आणि परत मोजायचं. सुधारणा किती हवी? कितीही. सात पुशअप्सचे आठ झाले तरी झालं. पण दर वर्षी कुणीतरी बाबा म्हणतात की निदान वीस तरी पाहिजेत, नाहीतर त्याला काय अर्थ. अर्थ असा की जाड, बारीक, दमेकरी, खेळाडू अशा सगळ्या मुलांना स्वतःशीच तुलना करायला लावणारी ती रिक्वायरमेंट आहे, आणि वीसचा आकडा घातला की तिचा जीवच जातो. ज्या मुलाला आठच होतात ते मूल दुसऱ्या महिन्यात येणं बंद करतं, मी हे बघितलंय.

उलट बाजूही तेवढीच खरी. दाखवा असं लिहिलं असेल तर दाखवलंच पाहिजे, तोंडी सांगून चालत नाही. चर्चा करा असेल तर चर्चा झाली पाहिजे, वर्कशीट भरून आणली आणि काउन्सिलरने, म्हणजे तो बॅज शिकवणाऱ्या मोठ्या माणसाने, पंचवीस जणांच्या सरसकट सह्या केल्या असं नाही होत. मेरिट बॅजचे मोठे वर्ग भरतात, तिथे शिकवणं एकत्र झालं तरी प्रत्येक मुलाने ते स्वतः केलंय हे काउन्सिलरने बघायचं असतं. ब्लू कार्ड म्हणजे त्याचाच कागद. मूल स्काउटमास्टरशी बोलतं, कार्डावर सही मिळते, मग ते मंजूर काउन्सिलरला स्वतः गाठतं. अर्धा राहिलेला बॅज वाया जात नाही, अठरापर्यंत कधीही पुढे चालू करता येतो. आणि हो, आई किंवा बाबा रजिस्टर्ड काउन्सिलर असतील तर स्वतःच्या मुलाचे काउन्सिलरही होऊ शकतात. नियमात बसतं, पण माझा सल्ला असा की शक्यतो होऊ नका, अनोळखी मोठ्या माणसाला मेल करून वेळ मागणं हा त्या बॅजमधला निम्मा फायदा असतो.

पोहण्याबद्दल एक सांगायलाच हवं कारण आपल्या घरांत मुलं नेमकी इथे अडकतात. सेकंड क्लासला डोक्यावर पाणी असेल तिथे पायांवर उडी मारून २५ फूट पोहायचं, थांबून वळायचं आणि परत यायचं. फर्स्ट क्लासला पूर्ण स्विमर टेस्ट, म्हणजे १०० यार्ड, त्यातले शेवटचे २५ पाठीवर विश्रांतीचे, आणि मग तरंगून दाखवायचं. बाकी सगळं पूर्ण आणि याच एका गोष्टीवर मूल अडकून बसलंय असं वरचेवर होतं. आपल्यातल्या बऱ्याच जणांना स्वतःला पोहता येत नाही त्यामुळे ते लक्षात येत नाही. ट्रूपमधे घालतानाच क्लास लावा, समर कॅम्पच्या तळ्यातलं गार पाणी ही पोहणं शिकायची जागा नाही.

अजून एक प्रश्न नेहमी येतो, देवाबद्दलचा. टेंडरफूटपासून पुढे प्रत्येक रँकला ड्यूटी टू गॉड कसं केलं ते सांगायचं असतं. मुलाने सांगायचं, बस. कुठला देव, किती वेळा देवळात जाता, हे कुणी तपासत नाही आणि तपासूही नये. हिंदू मुलांसाठी धर्म आणि कर्म नावाची धार्मिक एम्ब्लेम आहेत, हौस असेल तर जरूर करा, रँकसाठी सक्तीची नाहीत.

मोठ्यांनी हात मागे ठेवायचे

फर्स्ट क्लासच्या स्वयंपाकाकडे जरा जवळून बघू कारण सगळं स्काउटिंग त्यात दिसतं. मुलाने पेट्रोलसाठी, म्हणजे आपल्या सहाआठ जणांच्या गटासाठी, एका कॅम्पचा मेनू आखायचा, त्यात एक ब्रेकफास्ट, एक लंच, एक डिनर, आणि त्यातली निदान दोन जेवणं शिजवलेली हवीत. सामानाची यादी करायची, तीन किंवा जास्त मुलांना पुरेल असं प्रमाण आणि खर्च काढायचा, आणि एका कॅम्पला मुख्य स्वयंपाकी म्हणून उभं राहायचं. आता समजा आपला शाकाहारी पोरगा आहे. बाकीच्यांना बेकन पाहिजे. इथे आई किंवा बाबा मधे पडले, वेगळा डबा घेऊन आले, की सगळं फुकट. पोरांनी आपसात ठरवायचं असतं की एक तवा वेगळा ठेवायचा, आधी पोहे करायचे मग बेकन, की उलटं, कोण भांडी घासणार, पोह्याला कांदा कोण चिरणार. दोन बर्नरच्या प्रोपेनच्या शेगडीवर वाऱ्यात पोहे पहिल्यांदा होतात ते चिकट होतात, खाली लागतात. पोरं खातात. पुढच्या महिन्यात तोच मुलगा पोहे कमी भिजवतो आणि शेगडीला वाऱ्याचा आडोसा लावतो. मोठी माणसं पंचवीस पावलांवर आपल्या खुर्च्या टाकून कॉफी पीत बसतात आणि आग, चाकू, कच्चं मांस एवढ्यावर नजर ठेवतात. ते बसणं फार अवघड असतं, आपल्या पिढीला तर जास्तच, कारण मूल उपाशी राहील ही कल्पनाच सहन होत नाही. नाही राहात उपाशी.

यालाच पेट्रोल मेथड म्हणतात. पेट्रोल लीडर पोरंच निवडून देतात, सगळ्या ट्रूपचा पुढारी सीनियर पेट्रोल लीडर म्हणजे एसपीएल, तोही मुलांच्या मतांनी. त्यांची पीएलसी नावाची बैठक होते, त्यात कॅम्प कुठे, मीटिंगला काय, हे ठरतं. स्काउटमास्टर एसपीएलशी बोलतो, एसपीएल ट्रूपशी. मोठ्याने थेट पोरांवर ओरडून रांग लावली की ट्रूप शांत दिसतो, पण मग एसपीएलला काही कामच उरत नाही. ब्राउनसीवरही असंच होतं, लांडगे, कावळे, बैल आणि कर्ल्यू अशी चार पेट्रोलं, आणि प्रत्येकाला मुलांतलाच एक नायक.

पदाची रिक्वायरमेंट मुद्दाम नीट वाचा, इथे लोक गोंधळतात. स्टार, लाइफ आणि ईगलसाठी कुठली पदं चालतात त्याची यादी आहे. असिस्टंट पेट्रोल लीडर त्यात नाही. बिगुल वाजवणारा म्हणजे बगलर स्टार आणि लाइफला चालतो, ईगलला नाही. स्टार आणि लाइफला पदाऐवजी स्काउटमास्टरने मंजूर केलेला एखादा नेतृत्वाचा प्रकल्पही चालतो, ईगलला तीही वाट नाही. हे सतराव्या वर्षी कळलं तर हातात महिने उरत नाहीत. आणि पद म्हणजे नुसता खांद्यावरचा पॅच नव्हे. क्वार्टरमास्टरने, म्हणजे ट्रूपचं सामान सांभाळणाऱ्या मुलाने, तंबू मोजलेच नाहीत तर मोठ्यांनी सहाव्या महिन्यात सही नाकारायची नसते, दुसऱ्या आठवड्यातच त्याला बाजूला घेऊन काय करायचं ते दाखवायचं असतं. अपेक्षा आधी सांगितली नसेल तर शेवटी तिच्यावर बोट ठेवणं हा त्या पोरावर अन्याय आहे, मला याची मनापासून चीड येते.

मुलांसाठीही ट्रेनिंग आहे. ट्रूपमधेच होणारं आयएलएसटी, आणि कौन्सिलतर्फे आठवडाभराचं एनवायएलटी. तिथे शिकवायची ईडीजीई पद्धत घोटून घेतात: आधी समजावून सांग, मग करून दाखव, मग त्याच्या हाताने करून घे, शेवटी त्याला एकट्याला जमू दे. टेंडरफूटला चौकोनी गाठ दुसऱ्याला शिकवायची असते ती याच पद्धतीने. मोठ्यांपैकी बरेच जण पहिल्या पायरीवरच वीस मिनिटं थांबतात, पोरांच्या हातात दोरी जातच नाही.

बोर्ड ऑफ रिव्ह्यू म्हणजे तोंडी परीक्षा नव्हे

स्काउट ही पहिली रँक सोडली तर प्रत्येक रँकच्या शेवटी बोर्ड असतो. निदान तीन आणि जास्तीत जास्त सहा जण, लाइफपर्यंत ते कमिटीतलेच. स्काउटमास्टर आणि त्याचे असिस्टंट त्यात बसत नाहीत, मुलाचे स्वतःचे आईबाबाही नाहीत. त्याच्या आधी स्काउटमास्टर कॉन्फरन्स होते, ती पास नापास नसते, ती झाली की झाली.

आपल्या मनात बोर्ड म्हटलं की दहावीची तोंडी परीक्षा येते. मग पोरगं आत आलं की कुणीतरी दोरी पुढे करून म्हणतं बोलाइनची गाठ बांधून दाखव. हे चूक आहे. सही झालेली रिक्वायरमेंट परत तपासायची नसते. बोर्डाने विचारायचं असतं की कॅम्पला काय आवडलं, काय नाही आवडलं, पेट्रोलमधे भांडण झालं तेव्हा काय केलंस, ट्रूपमधे काय बदलावंसं वाटतं, पुढे काय करणार. यातून बोर्डाला मुलगा तर कळतोच, शिवाय ट्रूप कसा चाललाय तेही कळतं. तीन मुलांनी लागोपाठ सांगितलं की प्रथमोपचार कुणी शिकवलाच नाही, नुसती सही मिळाली, तर त्यातून पोरांना नापास करायचं नसतं, शिकवणाऱ्यांशी बोलायचं असतं.

युनिफॉर्मवरूनही फार कुरकुर होते. पूर्ण युनिफॉर्म असला तर उत्तम, पण जेवढा आहे तेवढा स्वच्छ घालून नीटनेटकं मूल आलं तर कपड्यांवरून बोर्ड त्याला परत पाठवू शकत नाही, ट्रूपचा स्वतःचा नियम काहीही असो. स्काउटची पँट महाग आहे, सगळ्यांना परवडत नाही, हे लक्षात असू द्या.

ईगल, आणि आपली घाई

पहिला ईगल स्काउट न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडचा आर्थर एल्ड्रेड, १९१२ साली. पुढे नील आर्मस्ट्राँग, अध्यक्ष जेराल्ड फोर्ड असे बरेच मोठे लोक. मुलींमधल्या पहिल्या ईगल २०२१ मधे झाल्या.

ईगलचा प्रकल्प शाळा, धार्मिक संस्था किंवा गावासाठी असतो, स्काउट संघटनेसाठी किंवा कुणाच्या धंद्यासाठी नाही. काम सुरू करायच्या आधी ज्यांच्यासाठी करतोय ते, स्काउटमास्टर, कमिटी आणि डिस्ट्रिक्ट किंवा कौन्सिल अशी मंजुरी लागते. तासांची किमान मर्यादा नाही. बघायचं काय असतं तर मुलाने आखणी केली का आणि दुसऱ्यांचं नेतृत्व केलं का, आणि दुसरे म्हणजे तो सोडून निदान दोन जण.

समजा एखाद्या मुलीने ठरवलं की मंदिराबाहेर चपला ठेवायला लाकडी रॅक करायचे. तिने मंदिराच्या समितीला भेटून मापं घेतली, पैसे कसे उभे करायचे ते ठरवलं, लाकूड किती लागेल काढलं, शनिवारी आठ मित्रमैत्रिणींना बोलावलं, कुणी कापायचं कुणी घासायचं ते सांगितलं, जेवणाची सोय केली, पाऊस आला तर काय ते ठरवून ठेवलं. तिने स्वतः एकही स्क्रू मारला नाही तरी हरकत नाही. आणि तिच्या बाबांनी आदल्या रात्री गराजमधे सगळे रॅक जोडून ठेवले तर रॅक कितीही देखणे असोत, प्रकल्प झालेला नाही. इंजिनिअर बाबांना हे सांगणं अवघड जातं, त्यांचा हेतू चांगलाच असतो, पण सांगावं लागतं.

आपल्याकडे ईगलकडे कॉलेजच्या अर्जातली एक ओळ म्हणून बघायची सवय आहे. मग तेराव्या वर्षी ईगल झाला म्हणून पार्टी होते. नियमाने होता येतं, आणि पूर्ण केलं असेल तर कुणी अडवूही नये. पण तेराव्या वर्षी एसपीएल असणं आणि सोळाव्या वर्षी असणं यात फार फरक आहे, आणि घाईने ईगल झालेलं मूल बऱ्याचदा पुढच्या महिन्यापासून दिसत नाही. मोठी मुलं ट्रूपमधे राहिली तर लहानांना शिकवणार, नाहीतर ते काम परत मोठ्यांकडेच येतं. माझ्या मते सावकाश होऊ द्यावं. हे मात्र माझं मत आहे, रिक्वायरमेंट नाही, म्हणून ते मी बोर्डाच्या खोलीत नेत नाही.

परंपरा कुठल्या ठेवायच्या

परंपरांशिवाय ट्रूप म्हणजे नुसता क्लास होईल. डाव्या हाताचं हस्तांदोलन, मीटिंग संपताना स्काउटमास्टरने सांगायची दोन मिनिटांची गोष्ट, शेकोटीपुढची नाटुकली, जीर्ण झालेला झेंडा सन्मानाने अग्नीत देणं, ईगलच्या समारंभात मुलाने आईला आणि बाबांना पिन लावणं आणि ज्याने शिकवलं त्याला मेंटॉर पिन देणं. यातलं बरंचसं कुठल्याही रँकला लागत नाही, तरी मुलांना वर्षांनंतर हेच आठवतं.

पण काही परंपरा अशा असतात की त्यात एकाची मजा आणि दुसऱ्याची मान खाली. वस्तू हरवली तर सगळ्यांसमोर गाणं म्हणून ती परत घ्यायची ही त्यातलीच. उशिरा आला म्हणून पुशअप्स, नव्या पोराला अस्तित्वातच नसलेली वस्तू आणायला सगळ्या कॅम्पभर फिरवणं. शारीरिक शिक्षा आणि हेझिंगला, म्हणजे नव्यांची खोडी काढून त्यांना छळायला, संघटनेत पूर्ण बंदी आहे, त्यात चर्चेला जागा नाही. गाण्याचं समर्थन करणारे म्हणतात की पोरं हसतात. हसतात खरी, पण ज्याला उभं केलंय तो हसतोय का ते बघा, विशेषतः ज्याचं इंग्रजी अजून अडखळतं किंवा जो मुळात लाजाळू आहे तो. आमच्याकडे हरवलेल्या वस्तू एका खोक्यात जातात आणि कॅम्प संपताना ज्याच्या त्याने उचलायच्या.

चाकू कुऱ्हाडीचा परवाना म्हणजे टोटिन चिप, तिथेही असंच. चूक झाली की कार्डाचा एक कोपरा कापायचा आणि चारही गेले की परवाना रद्द, ही पद्धत ट्रूपांमधे सर्रास दिसते. कार्डावर एवढंच लिहिलंय की जबाबदारी पाळली नाही तर हक्क काढून घेता येईल, कोपऱ्यांचा खेळ ही परंपरा. वाईट नाही, पण कुणाचा चाकू धोकादायक चालत असेल तर चार कोपऱ्यांची वाट बघायची नसते, त्याच क्षणी थांबवून परत शिकवायचं.

मोठ्यांचं शिक्षण

सगळ्यात आधी मुलांच्या सुरक्षेचं ट्रेनिंग. ऑनलाइन आहे, सक्तीचं आहे, आणि त्याच्याशिवाय रजिस्ट्रेशन होत नाही. पार्श्वभूमीची तपासणीही होते. नियम पाठ करून ठेवा: प्रत्येक कार्यक्रमाला एकवीस वर्षांवरचे निदान दोन रजिस्टर्ड मोठे, मुली असतील तर त्यात एक बाई, मोठ्याने कुठल्याही मुलाशी एकट्याने एकांतात राहायचं नाही, तंबू वेगळे, आणि एका तंबूतल्या मुलांच्या वयात दोन वर्षांपेक्षा जास्त अंतर नको. १ सप्टेंबर २०२३ पासून ट्रूपबरोबर रात्री राहणारा प्रत्येक मोठा माणूस रजिस्टर्ड लागतो. एक रात्र नुसता सोबत येतो असं म्हणून चालत नाही, त्यात कुणावर अविश्वास नाही, नियम सगळ्यांना सारखा आहे.

पुढे ज्याचं जे पद त्याचं ट्रेनिंग, कमिटीचं वेगळं, स्काउटमास्टरचं वेगळं. स्काउटमास्टर आणि असिस्टंटना आयओएलएस नावाचं मैदानी कौशल्यांचं ट्रेनिंग लागतं, बहुतेक ठिकाणी एका वीकेंडचं. त्यात टेंडरफूट ते फर्स्ट क्लासची कौशल्यं मोठ्यांना स्वतः करावी लागतात, गाठ बांधा, चूल पेटवा, होकायंत्र धरा. आपल्यातल्या ज्यांनी आयुष्यात कधी तंबू ठोकला नाही त्यांच्यासाठी हे सोन्यासारखं आहे, पहिल्या वर्षातच करा.

वुड बॅज हा मोठ्यांचा पुढचा नेतृत्वाचा कोर्स, तो त्यानंतर. १९१९ साली लंडनजवळच्या गिलवेल पार्कला पहिला कोर्स झाला. ती जागा घ्यायला मॅकलारेन नावाच्या स्कॉटिश गृहस्थांनी पैसे दिले म्हणून वुड बॅजच्या स्कार्फवर आजही मॅकलारेन घराण्याच्या चौकड्याचा तुकडा असतो. लाकडी मणी आले झुलू राजा डिनुझुलूच्या माळेवरून, ती माळ बेडन पॉवेलकडे नेमकी कशी आली याच्या वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. अमेरिकेत प्रायोगिक कोर्स १९३६ मधे न्यू जर्सीतल्या शिफ स्काउट रिझर्वेशनला झाला, आणि १९४८ मधे तिथेच प्रशिक्षक विल्यम हिलकोर्टच्या हाताखाली तो रीतसर सुरू झाला. भारतात याला हिमालय वुड बॅज म्हणतात, तुमच्या शाळेतल्या एखाद्या सरांच्या गळ्यात दोन मण्यांची दोरी आठवत असेल तर ती हीच.

कोर्स साधारण पाच दिवसांचा, बऱ्याच ठिकाणी दोन वीकेंडमधे विभागून. मोठ्यांचीच पेट्रोलं होतात, बीव्हर, बॉबव्हाइट, ईगल, फॉक्स, आऊल, बेअर, बफेलो, अँटेलोप, आणि पन्नाशीचे लोक झेंडे शिवतात, आरोळ्या ठोकतात. बाहेरून बघणाऱ्याला हे विचित्र वाटतं, पण अनोळखी माणसांचा गट एकत्र कसा येतो, आधी अडखळतो, भांडतो, मग चालायला लागतो, हे त्या पाच दिवसांत अंगावर घ्यावं लागतं, आणि नंतर अकरा वर्षांच्या पोरांचं पेट्रोल भांडताना बघून जीव वरखाली होत नाही. कोर्स संपला की मणी मिळत नाहीत. प्रत्येकाने टिकेट लिहायचं, म्हणजे आपल्या स्काउटमधल्या कामाशी जोडलेली पाच उद्दिष्टं, आणि ती अठरा महिन्यांत पूर्ण करायची, तेव्हा स्कार्फ आणि दोन मणी. टिकेट लिहिताना मोठमोठ्या गोष्टी टाळा. नव्या मुलांच्या आईबाबांसाठी महिन्यातून एकदा अर्ध्या तासाची ओळख, ट्रूपच्या शाकाहारी स्वयंपाकासाठी वेगळ्या भांड्यांची पेटी, लहान मुलांना शिकवायला मोठ्या स्काउट्सची टीम, अशी उद्दिष्टं पूर्ण होतात आणि ट्रूपला उपयोगी पडतात.

वुड बॅज झालेल्या माणसाचा शब्द रिक्वायरमेंटपेक्षा मोठा असतो असा समज काही ठिकाणी दिसतो. तसं काही नाही.

शेवटी वाद झालाच तर काय करायचं तेही सांगते. गाइड टू ॲडव्हान्समेंट इंटरनेटवर फुकट मिळतं, तो परिच्छेद काढून पुढे ठेवा. आधी स्काउटमास्टर, मग ट्रूपचा ॲडव्हान्समेंट चेअर, मग कमिटी चेअर, आणि तिथेही सुटलं नाही तर डिस्ट्रिक्टची ॲडव्हान्समेंट कमिटी. रिक्वायरमेंट पूर्ण केलेल्या मुलाचा बोर्ड घ्यायलाच नकार देता येत नाही, आणि बोर्डात त्याला मंजूर करण्यावर एकमत झालं नाही तर का नाही आणि पुढे काय करायचं हे त्याला सांगावं लागतं, अपील कसं करायचं तेही लेखी द्यावं लागतं. शक्यतो मेल मुलालाच लिहू द्या. भाषा त्याची असू दे, चुका राहू देत, फक्त पाठवताना आईला किंवा बाबांना कॉपी करायला सांगा, कारण एकट्याशी एकांतात नाही हा नियम मेल आणि टेक्स्टलाही लागू आहे.